मांड आणि मिरवणूक : गोव्यातील इंत्रूज, शिगमो आणि उत्सवाच्या यजमानपणाचा प्रश्न

वसंतागमनाचे दोन उत्सव चंदीगडच्या रहिवाशाला सहज पाहता येतात. पहिला शहरातच, सेक्टर १६ मध्ये. १९६७ साली उभारलेल्या झाकिर हुसेन गुलाब उद्यानात दर फेब्रुवारीत गुलाब महोत्सव भरतो. त्याची तारीख प्रशासन ठरवते, कार्यक्रमपत्रिका प्रशासन छापते आणि नागरिक तेथे प्रेक्षक म्हणून जातो. दुसरा आनंदपूर साहिबचा होला मोहल्ला. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर गुरू गोविंदसिंगांनी होळीच्या रंगखेळाला शस्त्रकवायतीचे वळण दिले आणि होळीच्या स्त्रीलिंगी नावाचे ‘होला’ असे पुल्लिंगी रूप रूढ झाले, असे परंपरा मानते. येथे तिथी चंद्राची आहे आणि यजमान खालसा पंथ आहे. जमलेला समुदाय येथे प्रेक्षक असतो तसा सहभागीही असतो. दोन्ही उत्सव एकाच ऋतूचे, एकाच प्रदेशातले. त्यांतला मुख्य भेद यजमान कोण, हा आहे.

हाच प्रश्न गोव्यातील उत्सवांना विचारला, तर मराठीतील गोमंतकविषयक अभ्यासाने बराच काळ गृहीत धरलेली एक विभागणी डळमळीत होते. कार्निव्हल अथवा इंत्रूज हा पोर्तुगिजांनी इबेरियन द्वीपकल्पातून आणलेला परकीय उत्सव, आणि शिगमो हा फाल्गुनातील एतद्देशीय उत्सव, अशी ती विभागणी आहे. तिला राजकीय पार्श्वभूमीही होती. १९५१ साली ब्राझिलियन समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेइरी यांनी गोव्यात ‘लुसो-उष्णकटिबंधीय’ संस्कृतीची कल्पना मांडली आणि सालाझारच्या राजवटीने ती पुढे वसाहतीच्या समर्थनासाठी वापरली. उलट बाजूने, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधीच्या वर्षांत, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही या वादात प्रत्येक सांस्कृतिक खूण पुरावा म्हणून पुढे केली जाऊ लागली. एका पक्षाला कार्निव्हलमध्ये गोव्याचे वेगळेपण दिसे, दुसऱ्याला शिगम्यामध्ये कोकणाशी असलेले सातत्य. बा. द. सातोस्कर आणि विनायक खेडेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगावच्या विधींची जी तपशीलवार नोंद केली, ती मात्र या दोन्ही पक्षांच्या सोयीची नाही. ती नीट वाचली, तर ‘देशी की विदेशी’ हा प्रश्नच अपुरा ठरतो.

प्रथम कालगणनेचा विचार करू. ‘इंत्रूज’ हा पोर्तुगीज ‘एन्त्रूदु’चा कोंकणी अवतार, त्याच्या मुळाशी ‘प्रवेश’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. चाळीस दिवसांच्या उपासकाळात प्रवेश करण्याआधीचे हे मोकळे दिवस. उपासकाळाचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो आणि तो ईस्टरवरून मागे मोजला जातो. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. इंत्रुजाचा अखेरचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो. हे गणित मांडले की ध्यानात येते ते असे की, हा मंगळवार नेहमी अमावास्येच्या आसपास, फार तर दोन दिवस आधी किंवा चार-पाच दिवस नंतर पडतो. २०२३ मध्ये तो २१ फेब्रुवारीला होता. अमावास्या आदल्या दिवशी होती आणि गोव्यातील कार्निव्हलचा आरंभ १८ फेब्रुवारीला, नेमका महाशिवरात्रीला झाला. शिगमो पौर्णिमेचा. म्हणजे दोन्ही उत्सव चंद्राचे आहेत. एक काळोखाचा, एक चांदण्याचा. त्यांतील अंतर कधी पंधरवड्याचे, तर २०२४ सारख्या अधिक महिन्यानंतरच्या वर्षी चाळीस दिवसांचे होते. ज्या शेतकऱ्याच्या वर्षात या दिवसांत पीक घरात आलेले आणि हातांना थोडी उसंत असते, त्याच्या दृष्टीने ही दोन पंचांगे एकमेकांना फारशी अनोळखी नव्हती.

कालगणना जुळली, पण उत्सवाला जागाही लागते. गोमंतकीय उत्सवाची जागा म्हणजे मांड. मांड म्हणजे केवळ मोकळे अंगण नव्हे. गावाचे दैवत, पूर्वज आणि राखणदार यांच्या साक्षीने जेथे नमन घातले जाते, ती ठरलेली, पवित्र मानलेली जागा. नमन झाल्याशिवाय शिगम्याचा ढोल-ताशा गावात फिरत नाही. नमनात कोणत्या दैवताचे नाव आधी घ्यावयाचे, मेळ प्रथम कोणाच्या दारी न्यावयाचा, नारळ कोणी ठेवावयाचा, हे सारे मानाचे प्रश्न असतात. जुन्या काबिजादीच्या तालुक्यांत, म्हणजे तिसवाडी, बार्देस आणि साष्टी येथे, पौर्णिमेपूर्वीच्या पाच दिवसांचा ‘धाकटो शिगमो’ आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली आलेल्या नव्या काबिजादीत पौर्णिमेपासूनचा ‘व्हडलो शिगमो’, असा भेद सर्वसाधारणपणे सांगितला जातो. सत्तरी-डिचोलीकडची घोडेमोडणी, तालगडी, गोफ, मोरुलो, वीरभद्र, गडे असे त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. पण प्रकार कोणताही असो, मांडाचा अधिकार आणि मानाचा क्रम हा त्याचा कणा आहे.

हा क्रम किती जुना आहे, याचा पुरावा एका पोर्तुगीज कागदातच मिळावा, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १५२६ साली आफोंसु मेशिया याने गोव्यातील गावांचे रीतिरिवाज नोंदवणारी सनद तयार केली. इतिहासकार तिचा उपयोग बहुधा जमीन आणि महसूल यांच्या संदर्भात करतात. परंतु तीत गावकारांच्या मानपानाचीही नोंद आहे. विडा आधी कोणाला द्यावयाचा, कापणीस आधी कोणी हात घालावयाचा आणि उत्सवात नाचणाऱ्यांनी प्रथम कोणत्या गावकाराच्या घरी जावयाचे, हे तीत लिहून ठेवलेले आहे. दोन गावकार समान मानाचे असतील, तर दोघांच्याही दारी एकाच वेळी नाच व्हावा, इतक्या बारकाव्यापर्यंत ती जाते. नव्या राज्यकर्त्याने उत्सवाची ही उतरंड महसुलाइतक्याच गांभीर्याने घेतली, कारण गावाची व्यवस्था तिच्यावरच उभी आहे हे त्याला उमगले होते. देवळे पाडली जाण्याआधीचा, मोठ्या प्रमाणावरील धर्मांतराआधीचा हा दस्तऐवज आहे.

पुढे जे घडले ते सर्वपरिचित आहे. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. काही दैवते नदीपार गेली आणि त्यांच्यामागून त्यांचे उत्सवही गेले. मडगावचा दामोदर जांबावलीस स्थिरावला. आजही जांबावलीच्या शिगम्यातील गुलाल मडगावकरांचा मानला जातो. गाव एका ठिकाणी, मांड दुसऱ्या ठिकाणी, पण यजमानपण तेच. जे स्थलांतर करू शकले नाहीत किंवा ज्यांनी केले नाही, त्यांच्या बाबतीत उलट घडले. जागा तीच राहिली, दैवत बदलले.

या दुसऱ्या वाटेचे सर्वांत बोलके उदाहरण साष्टीतील चांदर येथील मुसळखेळ. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, भोजांची आणि नंतर अकराव्या शतकात गोपकपट्टणास जाण्यापूर्वी कदंबांची राजधानी. १९२९ मध्ये फादर हेरास यांनी येथे केलेल्या उत्खननात देवळाचे अवशेष उघडे पडले. या गावातील ख्रिस्ती क्षत्रिय, म्हणजे चाड्डो, गावकार इंत्रुजाच्या सोमवारी रात्री, अमावास्येच्या आसपासच्या काळोखात, मशालींच्या उजेडात, घुंगरांनी सजवलेली मुसळे हाती घेऊन घराघरांसमोर नाचतात. जुन्या कोटाच्या परिसरातील कपेलापाशी प्रार्थना होते आणि मग खेळ निघतो. विजयनगरच्या हरिहराने चोळांवर मिळवलेल्या विजयाचे हे स्मरण आहे, असे लोकपरंपरा सांगते. इतिहासाच्या काटेकोर अर्थाने हे शक्य नाही. विजयनगरची स्थापना १३३६ ची आणि चोळांची सत्ता त्याआधीच, तेराव्या शतकाच्या अखेरीस अस्तंगत झालेली. पण लोकस्मृती सनावळीच्या शिस्तीने चालत नाही. येथे महत्त्व आहे ते स्मरणाच्या धारकांना. शतकानुशतके ख्रिस्ती असलेले गावकार, ख्रिस्ती पंचांगातील तिथीला, एका हिंदू राजाच्या विजयाचा खेळ खेळतात, आणि तो खेळण्याचा अधिकार ठरलेल्या कुळांपुरता असतो. १५२६ च्या सनदेतील ‘प्रथम कोणाच्या दारी’ हा प्रश्न येथे अजून जिवंत आहे. इंत्रूज या खेळाला दिवस देतो. मांड मात्र चंद्रपूरचाच आहे.

असे का झाले असावे? इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेला मनाई हुकूम येथे उद्बोधक ठरतो. लग्नातील वाद्ये, वधूवरांना हळद-तेल लावून घातलेले स्नान, विडा-सुपारीचे वाटप अशा अनेक रूढी त्याने नवख्रिस्त्यांना वर्ज्य केल्या. बायकांनी लग्नप्रसंगी म्हणावयाच्या ओव्याही त्यांत होत्या. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. कारण १२० वर्षांपूर्वीच, १६१६ मध्ये, जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याने रायतूर येथे आपले ‘क्रिस्तपुराण’ छापले होते, तेही मराठीत आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत. जो छंद चर्चने उपदेशासाठी आपलासा केला, तोच छंद लग्नमंडपात बायकांच्या तोंडी आला की दंडनीय ठरला. फरक ओवीत नव्हता, ती कोणाच्या अंगणात आणि कोणाच्या अधिकाराने म्हटली जाते यात होता. हुकूम काढणाऱ्यांना यजमानपणाचा प्रश्न अचूक कळला होता, असे म्हणावे लागते. अशा वातावरणात, उपासाआधीचे तीन मोकळे दिवस ही धर्मसत्तेनेच सहन केलेली फट होती. अन्यत्र धोक्याचे ठरले असते ते या फटीत टिकले, असे अनुमान अवास्तव होणार नाही. साष्टीतील गावोगाव इंत्रुजात अंगणातून फिरणारे ‘खेळ’ही याच फटीत वाढले. स्त्रीभूमिका पुरुषच करीत आणि भाटकारापासून पाद्रीपर्यंत सर्वांना चिमटे काढत. त्या अर्थाने १८९२ मध्ये मुंबईत लुकाझिन रिबेरो यांनी सादर केलेल्या ‘इटालियन भुर्गो’ या पहिल्या तियात्राची तारीख सूचक आहे. १७ एप्रिल, ईस्टरचा रविवार. इटालियन ऑपेराच्या अनुकरणातून निघालेला हा नाट्यप्रकार उपास संपल्याच्या दिवशीच रंगभूमीवर आला. पुढे खेळ आणि तियात्र एकमेकांत मिसळले.

‘कार्निव्हल’ या संकल्पनेचा मराठी समीक्षेत जो संचार झाला, तो मुख्यतः मिखाइल बाख्तिन यांच्या राबलेवरील ग्रंथामुळे. उतरंडीचे तात्पुरते निलंबन, राजाचा विदूषक आणि विदूषकाचा राजा होणे, प्रेक्षक व नट यांतील सीमारेषा पुसली जाणे, ही त्याची लक्षणे आपण तमाशापासून दशावतारापर्यंत शोधली. खेळांतील भाटकाराची थट्टा पाहता ती गोव्यात सापडतातही. पण मुसळखेळात ती सापडत नाहीत. तेथे उतरंड निलंबित होत नाही. उलट वर्षातून एकदा ती मशालींच्या उजेडात सर्वांसमक्ष पुन्हा वाचली जाते. घोडेमोडणीचेही तसेच. आपल्या हाती आलेले प्रतिमान मध्ययुगीन पश्चिम युरोपातील चौकांवरून घडलेले आहे आणि मांडाला ते पूर्णपणे लागू पडत नाही, एवढे तरी मान्य करावयास हवे. मांडावर हास्य असते, पण ते मानाच्या चौकटीत असते. हे हास्य कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

बाख्तिन यांचा हा ग्रंथ १९६५ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पणजीत चित्ररथांची पहिली कार्निव्हल मिरवणूक निघाली आणि तिमोतेव फर्नांडिस हे पहिले किंग मोमो झाले. योगायोगाला अर्थ चिकटवू नये. तरीही एकीकडे पुस्तकात कार्निव्हल म्हणजे अधिकृत संस्कृतीचा प्रतिपक्ष ठरत असताना, दुसरीकडे एका कार्निव्हलला अधिकृततेची वाट मोकळी होत होती, हे दृश्य विसरण्यासारखे नाही. मोमो हे पात्र मुळात ग्रीक उपहासदेवतेचे, परंतु गोव्यात ते लिस्बनहून आले नाही. रिओच्या कार्निव्हलमध्ये १९३० च्या दशकात रूढ झालेल्या रूपाचे ते अनुकरण होते. पुढे पर्यटन खात्याने ही मिरवणूक हाती घेतली आणि शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसे असा तिचा क्रम रुळला. हाही एक क्रमच; फक्त तो शहरांचा आहे, कुळांचा नाही.

येथे पर्यटकाला दाखवला जाणारा ‘युरोपीय’ कार्निव्हल युरोपातही तितका प्राचीन नाही, हे नमूद केले पाहिजे. भूमध्य समुद्राकाठच्या नीस शहरातील चित्ररथांची मिरवणूक १८७३ मध्ये एका समितीने सुरू केली, ती हिवाळ्यात ऊन शोधत येणाऱ्या धनिक पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आल्गार्व्ह प्रांतात लुले गावी १९०६ मध्ये पाणी, पीठ, अंडी फेकण्याच्या जुन्या, दांडग्या एन्त्रूदुची जागा ‘सभ्य’ मिरवणुकीने घेतली. जुन्या वळणाचा एन्त्रूदु पाहावयाचा, तर पोर्तुगालच्या उत्तरेकडील डोंगराळ पोदेन्स गावी जावे लागते. कमरेला घंटा बांधलेले, लोकरी झालरींचे मुखवटेधारी ‘करेतु’ तेथे गल्लीबोळातून धावतात. युनेस्कोने २०१९ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तेव्हा तुलना करावयाचीच, तर चांदरची पोदेन्सशी आणि पणजीची नीसशी करावी. चांदर व पणजी यांत ख्रिस्ती धर्म समान असूनही अंतर आहे. चांदर आणि डिचोलीकडच्या एखाद्या शिगम्याच्या मांडात धर्म भिन्न असूनही जवळीक आहे.

शिगम्याचे पुढे काय झाले, हे फार लांबवण्याची गरज नाही. शासकीय शिगमोत्सवाच्या मिरवणुका निघू लागल्या आणि त्यांनी कार्निव्हलच्याच मिरवणुकीचे रूप घेतले. तेच चित्ररथ, तीच स्पर्धा, तीच बक्षिसे. रोमटाचे मेळ आता गावाच्या मानासाठी नव्हे, परीक्षकांच्या गुणांसाठी नाचतात, अशी तक्रार जाणत्यांकडून ऐकू येते. ती पूर्णतः न्याय्य नाही. बक्षिसाच्या निमित्ताने अनेक गावांतील पथके टिकली, तरुण मुले ढोल शिकली. परंतु ‘परक्या’ कार्निव्हलवर टीका करणाऱ्यांनी ‘आपल्या’ शिगम्याला त्याच साच्यात घातले, ही विसंगती मराठी लेखनात फारशी चर्चिली गेलेली नाही. यजमान एकच झाला, म्हणून उत्सवही एकमेकांसारखे दिसू लागले.

यजमानपणाबरोबर हवामानानेही उत्सव कसे बदलतात, याचे एक उदाहरण घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. २४ जून हा संत योहानाचा दिवस. पोर्तु शहरात आदल्या रात्री रस्तोरस्ती शेकोट्या पेटतात. युरोपच्या कोरड्या उन्हाळ्यातील, वर्षातल्या सर्वांत लांब दिवसांचा तो अग्नी. गोव्यात ही तारीख भर पावसात येते. विहिरी काठोकाठ भरलेल्या, जळण ओले. येथे सांजांवाला माणसे डोक्यावर पानाफुलांची ‘कोपेल’ घालून विहिरीत उड्या घेतात. शिवोलीत होड्या सजतात. अग्नीचा उत्सव पाण्याचा झाला. मातेच्या उदरात योहानाने आनंदाने उडी घेतली, या बायबलमधील प्रसंगाशी या उडीचा संबंध लोकांनी जोडला आणि विहीर हे उदराचे रूप ठरले. त्यात पुन्हा मान आहे तो नव्या जावयाचा. लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवाला तो सासुरवाडीस येतो आणि विहिरीत उडी घेतो. दिवाळसणाला जावयाची वाट पाहणाऱ्या घराला हे चित्र परके वाटू नये. राय गावी ५ ऑगस्टला होणारे कणसांचे फेस्तही असेच. त्या दिवशी रोममध्ये भर उन्हाळ्यात बर्फ पडल्याची आख्यायिका आहे आणि म्हणून हा दिवस ‘हिमाची माता’ या नावाने मरियेचा. राय येथे त्या दिवशी भाताची पहिली कणसे कापून आशीर्वादासाठी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेली जातात. गोव्यातील ख्रिस्ती माणूस चर्चलाही ‘इगर्ज’ म्हणतो आणि सणाला ‘फेस्त’. पण नव्या कणसांशी त्याचे नाते चतुर्थीच्या ‘नव्या’हून फार निराळे नाही.

सांजांवही आता हॉटेलांच्या तरणतलावांत होतो. तेथे कोपेल विकत मिळते आणि जावयाची अट नसते. या रूपाला खोटे म्हणणे सोपे आहे. अभ्यासकाचे काम त्याहून किचकट आहे. कोणत्या उत्सवात कोणाला बोलावणे असते, कोणाला तिकीट असते आणि कोणाला हक्क असतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते. हक्काची बाजूही निर्दोष नाही. चांदरचा खेळ ठरलेल्या कुळांचा, म्हणून इतर जाती त्यात नाहीत. शिगम्यातील मानाच्या क्रमावरून गावोगावी तंटे होतात आणि काही वेळा मांडच बंद पडतो. पणजीच्या मिरवणुकीत कोणीही नाचू शकते. मोकळेपण आणि अधिकार यांतील हा पेच बाख्तिन यांच्या चौकात उभा राहून सुटत नाही, आणि परंपरेच्या केवळ गौरवानेही सुटत नाही.

इंत्रुजाच्या सोमवारी दुपारी वास्कोच्या रस्त्यावरून किंग मोमोचा रथ जातो. ध्वनिवर्धक, प्रायोजकांचे फलक, दुतर्फा गर्दी. त्याच रात्री चांदरला मशाली पेटतात, मुसळे जमिनीवर आदळतात आणि मेळ पहिल्या दारासमोर येऊन उभा राहतो. घरातील माणसे आधीच दार उघडून पायरीवर थांबलेली असतात.